मुचंडी टॉवर्सची पाटी

लिफ्टशेजारची ती मोठी पाटी माझी.
सागवानी फळी, सात फूट बाय चार,
सात मजले, दोन विंगा, छप्पन्न ओळी.
आता तिथं स्टीलची लावणार म्हणे,
तर ही घरी नेऊ का, विचारायला आलोय.

मॅनेजर नवा, हुबळीचा. बसा म्हणाला.
आणि इमारत कधीची, हेही मलाच विचारलं.

कधीची म्हणजे, साहेब,
गोवावेसेला इथं हंगिरगेकरांची शेड होती,
बावीस मागांची.
शाळेला जाताना खटखट चपलेतून वर यायची.
सूत महागलं, शेड विकली,
विणकर उद्यमबागेत गेले, लोखंड ओतायला.

मुचंडीअण्णांनी खड्डा घेतला
तर तिसऱ्या दिवशी पाणी, पुरुषभर.
दोन पंप होळीपासून मिरगापर्यंत धापा टाकत होते.
इंजिनिअर मेनेझिस गमबुटात, काठावर पाव खात म्हणायचा,
पाया दहा मजल्यांचा घालतोय मी.
पैसे सातांचेच निघाले.
गच्चीवर जाऊन बघा,
आठव्याच्या सळ्या अजून उभ्या आहेत.
वॉचमनची बायको त्यांना तार बांधून
लुगडी वाळत घालते.

येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव,
कुठकुठनं माणसं यायची लिफ्ट बघायला.
भरमा लिफ्टमन चार आण्यात वर न्यायचा,
खाली चालत सोडायचा.
एक म्हातारी सातव्यावर कठड्याला चिकटली,
"राजहंसगड दिसूलालाय की रे इथनं!"
उतरायलाच तयार नाही.

पाटी त्याच साली रंगवली. ओळीला सहा रुपये.
अण्णांची अट : कन्नड पाहिजे, मराठीही पाहिजे.
मला कन्नड कुठलं.
त्यांच्या मुनिमानं, वीरभद्रनं,
तंबाखूच्या पुड्याच्या कागदावर शिकवलं.
आपली अक्षरं रेघेला टांगलेली,
त्यांची आपापल्या बुडावर बसलेली.
हाताला सवय, एकदा त्यांच्याही डोक्यावर
रेघ मारून गेलो. सगळा जिना हसला.

मग काय. पुसायचं, लिहायचं.
बी विंग, चौथा मजला, चिटफंड :
अडीच वर्षांत पसार. माझे तीनशे त्यातच.
तिथं टायपिंग क्लास आला, मग एसटीडी, मग केबलवाला,
आता पोरं कानाला लावून
रात्रभर अमेरिकेशी बोलतात.
वकील करडीगुद्दींची ओळ तेवढी पुसली नाही.
ते गेल्यावर मुलगा म्हणाला, राहू दे,
रंग चांगलाय.

एका नोव्हेंबरात रात्री कुणीतरी
अर्ध्या पाटीला डांबर फासलं.
कुठल्या अर्ध्या, सांगत नाही.
पुढच्या खेपेला उरलेल्या अर्ध्याला.
दोन्ही वेळा रॉकेलचा बोळा घेऊन मीच बसलो,
दोन्ही वेळा मुचंडीअण्णा मागं पायरीवर,
बोलले काही नाहीत. चहा मागवला,
बशीत निम्मा मला.

आणि इंग्रजीत बेलगामची बेळगावी झाली ना,
सबंध शहराच्या पाट्या!
त्या वर्षी घरावर नवे पत्रे घातले मी.
खोटं कशाला बोलू.

मॅनेजर म्हणाला, न्या.
चौघं लागले उचलायला. लाकडाचं वजन किती असणार,
बाकीचा रंग.
मागं भिंत निघाली, पहिल्या चुन्याची, पांढरीफेक,
आणि तिच्यावर पेन्सिलच्या रेघा. माझ्याच.
मेनेझिसच्या शब्दावर मोजून आखलेले
दहा मजले.
वरच्या तिघांपुढं आकडे घातलेले,
आठ, नऊ, दहा,
नावाला जागा सोडून.

स्टीलवाला ड्रिल घेऊन ताटकळत होता.
मी बाजूला झालो.
म्हटलं, लाव की.