सतु

चौसष्ट झाडं, सगळी कागदी,
मदभावीच्या माळावर, चुनखडीच्या पांढऱ्या पोटात मुळं खुपसून.
चौथ्या वर्षापासून पानं बारीक यायला लागली,
उंदराच्या कानाएवढी.
शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं पिवळं,
रंगवता रंगवता कुणी उठून गेल्यासारखं.

मी युरिया घालत गेले.
मूठमूठ, अगदी बुंध्याशी,
बाळाला भरवावं तशी.
शेंडे वाढले. अंगाला काही लागलं नाही.
जाऊबाई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल.
लिंबाला दृष्ट!
मग उतरून टाकायचं तरी काय?

मातीचा अहवाल अथणीहून आला, कानडीत.
आकडे मला कळले. सामू आठ पूर्णांक चार.
बाकीचं वाचायला बांधापलीकडच्या निंगव्वाची नात आली.
शिवलीला बोट फिरवत एका ओळीवर थांबली.
‘सतु. सतु कडिमी ऐती.’
सतु म्हणजे काय गं?
तिला मराठी शब्द येईना, मला कानडी.
मग ती उठून हौदाकडं गेली
आणि माझ्याच बादलीवर नखानं वाजवलं:
ठण्.

जस्त.
सात वर्षं त्याच बादलीनं पाणी घातलं मी.

जमिनीत आहे थोडं, ती म्हणाली, पण चुना सोडत नाही.
म्हणजे डबा भरलेला, झाकण घट्ट.
हे मला लगेच समजलं.
माझ्या माहेरी अशी माणसं होती.

खताच्या दुकानातला सातगोंडा हसला.
‘वैनी, झाड बुंध्यानं जेवत नाही.
मे महिन्यात भर दुपारी सावली कुठं संपते बघा,
तिथं चर काढा. कडेनं जेवतं ते.’

काठीनं रेघ ओढत फिरले, उन्हात, डोक्यावर पदर घट्ट.
शेवटच्या ओळीची सावली बांध ओलांडून
निंगव्वाच्या रानात गेलेली.
विचारलं तिला, निम्मा चर तुमच्यात येतोय.
‘तोडरी,’ म्हणाली.
मी दचकले. वीस वर्षं इथं नांदूनही दचकले.
तिच्या भाषेत तोड म्हणजे खण.

शेणखत, निंबोळी पेंड, वर माती.
पालवी फुटली तेव्हा जस्ताचं पाणी,
त्यात चुन्याची निवळी,
संध्याकाळी वारा पडल्यावर,
पानांच्या पाठीवर जरा जास्त.

जुनी पानं तशीच राहिली. ती नाही सुधारत.
नवी मात्र अंगठ्याएवढी रुंद आली,
चुरगाळली की हाताला दिवसभर वास.

पलीकडं पडलेली लिंबं मी मोजत नाही.
निंगव्वा लोणचं घालते, एक बरणी इकडं येते,
तिखट इतकं की बोलणंच बंद.

बादलीला आता भोक पडलंय.
टाकून देत नाही.