सही जुळते तोवर

चोपड्याच्या पोस्टातला पोरगा सही बघून म्हणाला,
मावशी, तुमचा 'ड' लंगडतोय, पुन्हा करा.
चौतीस वर्षं याच 'ड'ने
अडावद, धानोरा, वैजापूरच्या
बाळंतपणांच्या वह्या भरल्या,
तेव्हा कुणी काही म्हटलं नाही.
मी पुन्हा केली.
प्रयाग नथ्थू बडगुजर, निवृत्त परिचारिका, एकटी.
'एकटी'ला रकाना नसतो, तो मी मनात भरते.

घरी येऊन लसीकरणाचं जुनं रजिस्टर काढलं,
मागची पानं कोरी होती.
'डोस' खोडून लिहिलं 'खर्च'.
'पुढची तारीख' तशीच राहू दिली.

काय काय येणार ते मला ठाऊक आहे.
आधी गुडघे. मग रात्रीचं उठणं.
मग एक दिवस मोरीच्या उंबऱ्यावर
पायच ठरवेल, बस झालं.
खुब्याचं हाड, वॉकर, हवेची गादी भाड्याने,
दिवसाची बाई, रात्रीची वेगळी,
आणि कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवणारा
कुणाचा तरी कंटाळलेला हात.
त्या कंटाळ्याचेही पैसे धरले.
पेन्शन महागाईमागे धावते
सुटलेल्या एस्टीमागे म्हातारीनं धावावं तशी.
दुखण्याला मात्र चक्रवाढ लागते.

निंबाशेठ आठवतात. कापसाचं जिनिंग,
जळगावला लॉकर, तीन मजले.
अर्धांगानं उजवी बाजू नेली,
बाजूबरोबर सही.
बँकेचे साहेब खाटेपाशी आले, अंगठ्याला शाई लावली,
अंगठा चादरीवर उमटला, कागदावर नाही.
महिनाभर कागद फिरत राहिले.
तोवर माकडहाडापाशी जखम
माझ्या मुठीएवढी झाली.
ड्रेसिंग मी करायचे, उधारीवर.
पैसा होता.
पैशाला हात नव्हता.

म्हणून ही घाई.
पाटल्या घेऊन जळगावला गेले.
सराफानं विचारलं, मोडून नवीन काय घडवायचं?
म्हटलं, म्हातारपण.
तो हसला. घट मात्र पूर्ण कापली.

रमिलाला बोलावून घेतलं. वैजापूरकडची, पावरा,
सध्या केळीचे घड ट्रकवर चढवते.
सगळं सांगितलं: पगार, सुट्ट्या,
भोंगऱ्याला आठ दिवस
(त्याशिवाय राहणार नाही, तीच म्हणाली),
कूस किती तासांनी बदलायची,
पाठीखाली हात कसा घालायचा.
उशीवर करून दाखवलं.
उशी वळवता वळवता ती म्हणाली,
बाई, मी म्हतारी व्हसू तव्हय माले कोन दखी?

मे महिना. पंखा गरम वारा ढकलत होता.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.
मी म्हटलं, चहा ठेव.

रात्री पुन्हा हिशोबाला बसले.
रात्रीची बाई पहिली दोन वर्षं लागणार नाही असं धरलं,
गादीचं भाडं दीडशेनं उतरवलं,
आणि माझं आयुष्य एक वर्षानं कमी केलं.
जुळलं.

आज पोस्टात दोघी.
तिचं आवर्ती खातं, महिना पाचशे, माझ्या पेन्शनीतून.
नॉमिनीच्या रकान्यात लिहा म्हणाली, 'अजून नाही'.
पोरगा म्हणाला, असं चालत नाही.
म्हणाली, मग थांबा, आठवते कोणीतरी.
खूप वेळ आठवत राहिली, रांग वाढत गेली.
शेवटी लहान बहिणीचं नाव सांगितलं.

मग सही. आधी 'र', मग मोठा श्वास,
मग रेघेबाहेर गेलेला 'ला'.
हीच सही आयुष्यभर लागेल, तो म्हणाला,
नीट बघून घे.
तिनं बघितली, लांबून, जवळून,
दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

मग त्यानं माझा फॉर्म सरकवला.
मी चष्मा पुसला.
'ड' उभा राहिला,
थोडा टेकून.