फरासीस बाई

राजापूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा
एका हातात छत्री, दुसऱ्यात
सुतळीने बांधलेलं नकाशाचं नळकांडं.
रिक्षावाल्याला म्हणाली, "वखार."
त्याने नेऊन सोडली लाकडाच्या वखारीत.
तिथून माझ्याकडे. या गावात
जुनं काही विचारणारा माणूस
फिरून फिरून माझ्याच ओट्यावर येतो.

मी दिगंबर आठल्ये, कचेरीतला माजी रेकॉर्डकीपर.
मोडी वाचतो. बाकी उपयोग नाही.

ती ओदिल गारेक. अडुसष्ट वर्षांची, डाव्या कानाने बहिरी.
बाप दीपगृहाचा रखवालदार, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला,
त्यामुळे आमच्या खाडीची ओहोटी
तिला न सांगता कळली.
सदतीस वर्षं पॅरिसच्या दप्तरखान्यात काढली,
राजांनी राजांना लिहिलेली पत्रं वाचत.
वकिलांवर चार पुस्तकं, त्यांतलं एक
फक्त नजराण्यांच्या याद्यांवर:
आरसे, घड्याळं, एक अरबी घोडा,
जो वाटेतच मेला आणि तरी
"पावला" म्हणून पोच मिळाली.
लग्नाचं विचारलं माझ्या बायकोने.
"एका राजदूताशी ठरलं होतं," ती म्हणाली,
"पण त्याची पत्रं फार नीटनेटकी होती."

पावणेदोन महिने आम्ही रुमाल सोडले.
कसर झटकायची, मी वाचायचं, तिने लिहायचं.
दुपारी कुळथाची पिठी आणि उकडा भात.
काटाचमचा तिने दुसऱ्याच दिवशी बाजूला ठेवला.
मला म्हणायची, "कलमं वाचू नकोस, आठल्ये.
वकील काय खोडतो ते बघ."
खोडलेल्या ओळी ती कागद उन्हाकडे धरून वाचायची,
आजारी माणसाची जीभ बघावी तशी.

एकदा सापडलं हवं ते.
टोपीकर फरासीस यांची अर्जी: वखारीस जागा द्यावी,
विहिरीचं पाणी द्यावं, जकात माफ असावी,
आमची दोस्ती दर्यासारखी अढळ जाणावी.
ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.
"हे लिहिणाऱ्याने
ओहोटी पाहिलेली नव्हती."

मग ते घडलं.
जैतापूरला जुनी धक्क्याची जागा बघायला होडीने गेलो.
तेव्हा पठारावरच्या जमिनींचा गलबला चालू होता,
वीज त्यांची, यंत्रं फ्रान्सची, सह्या दिल्लीत.
बाई फ्रेंच आहे हे आमच्या आधी धक्क्याला कळलं होतं.
हमीदाबी सोलकर टोपली खाली ठेवून समोर आली,
हाताला खवले चिकटलेले.
"बाय, तू कागद वाचतंस म्हणतात.
मग सांग, तुज्या सरकारचा कागद
माज्या जमनीबद्दल काय बोलतो?"

मी भाषांतर केलं. मला वाटलं, बाई बहिरा कान पुढे करील.
तिने चांगला कान केला.
आणि जिने तीनशे वर्षांचे तह तोंडपाठ म्हणून दाखवले असते
ती तिथे उभी, सँडलमध्ये वाळू,
एक शब्द सुचेना.
शेवटी हमीदाबीलाच विचारलं, "नाव काय तुझं?
कसं लिहितात?"
"लिवत नाय. अंगठा देतंय."

परतताना होडीत बोलली नाही.
नळकांडं मांडीवर आडवं. वल्ह्याचं पाणी उडत होतं त्यावर,
तिने झाकलं नाही.

तीन वर्षांनी पार्सल आलं, सोबत पुतण्याचं पत्र.
बाई गेल्या, पुस्तक त्यांच्यामागून छापलं.
सहाशे पानं, फ्रेंचमध्ये. मला त्यातलं ठो कळत नाही.
पण बोट फिरवत गेलो, तर एका तळटीपेत
माझं आडनाव सापडलं, चुकीचं.
आणि त्याखाली, मी तिला शिकवलेल्या देवनागरीत,
वेलांट्या पोरासारख्या मोठ्या:
हमीदाबी सोलकर.

पुस्तक पिशवीत घालून गेलो धक्क्यावर.
तिने पान हातात धरलं, उलटं.
"काय लिवलाय हिकडं?"
"तुझं नाव."
"नि जमनीचा?"

मी पान उलटलं. मागे
पुढचं प्रकरण सुरू होत होतं.