साइड बी, चौथं गाणं

मूळ कॅसेट बस्त्यांव डिमेलोची,
मस्कतहून आलेली, मोज्यात गुंडाळून.
वर चार लांब केसांचे गडी, मागं वाळवंट,
आणि एक कुंपण, कुठंच न संपणारं.
सगळ्या वर्षांतली निवडून दहा गाणी.
बाकीची कुठं गेली, मी विचारलं नाही.
बेळगावात कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

माझं दुकान तिसऱ्या रेल्वे गेटाला लागून.
सुस्वर रेकॉर्डिंग, साडेसहा बाय नऊ.
त्या शनिवारी जोडायची वायर तुटलेली
आणि बस्त्यांवची मुंबईची गाडी रात्रीची.
मग दोन टेप समोरासमोर ठेवले,
एक गाणारा, एक ऐकणारा.
शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला,
आणि पाऊण तास शिंक दाबून बसलो.

साइड बी, चौथं गाणं.
गिटार हळू होते, तो गडी एकटा उरतो,
काहीतरी सोडून आल्याचं सांगतो
(माझं इंग्रजी आठवीपुरतं,
पण सोडून आलेला माणूस कळतो की),
आणि नेमकी मिरजेची गाडी शिट्टी घालते,
मीटरगेजची, लांबलचक, जरा बेसूर,
आणि शटरखालून वाकून गुरुसिद्ध म्हणतो,
"चा बंत्री."

पुन्हा काढायला वेळ नव्हता.
त्या टेपवरून किती प्रती गेल्या
त्याचा हिशेब वहीत होता, वही वाळवीत.
उद्यमबागेत गेली, फाउंड्रीच्या काळ्या वाळूत.
निपाणीला तंबाखूच्या ट्रकातून,
खानापूरच्या वखारीत, संकेश्वरात,
वडगावात एका यंत्रमागावर,
जिथं खडखडाटात काही ऐकू येत नसे
तरी कॅसेट संपली की उठून उलटत.
प्रतीची प्रत, तिची प्रत.
गिटार गंजत गेली,
शब्द तर पहिल्यापासून कुणाकडं नव्हते,
चहा मात्र ठळक.

भरमाण्णा मोदगेकर साचे ठोकताना
कोरसच्या जागी
"वाळली गं वाळली, माझी मिरची वाळली" म्हणायचा.
चूक कसं म्हणू, मात्रा बरोबर बसायच्या.

त्याच सुमारास फलकांवर डांबर फिरत होतं,
ह्यांच्या अक्षरांवर त्यांचं, त्यांच्यावर ह्यांचं.
दुकानावर दगड आला तेव्हा आत हेच लागलेलं.
काच फुटली.
गाणं सहावं होतं.

आता गेटावर पूल आहे.
मी मोबाइलची कव्हरं विकतो.
गेल्या महिन्यात भरमाण्णा रिटायर झाला,
कंग्राळीत गच्चीवर जेवण.
पुतण्यानं फोनवरून तोच अल्बम लावला,
धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा.
एक गाणं संपायच्या आत
पुढचं आमच्या कानात सुरू व्हायचं,
मधल्या गपचूप जागेत कुणी घोट घेत नव्हतं.
आणि मग ते गाणं आलं.
गिटार हळू झाली.
पंधरा म्हातारे होत आलेले गडी,
कुणाचा पापड हातात, कुणाची मान तिरकी.
तो माणूस सांगून मोकळा झाला.
गाडी आली नाही.
त्याच्या मागं नुसतंच वाळवंट.

मग निपाणीचा ड्रायव्हर, ज्याला मी ओळखतही नव्हतो,
ताटाकडं बघत हळूच म्हणाला,
"चा बंत्री."

हसलो, पोट दुखेपर्यंत.
पुतण्या विचारत राहिला, काय झालं, काय झालं ओ काका.
पाचव्या गाण्याला मात्र कुणी बोललं नाही.
गुरुसिद्ध हल्याळला जाऊन किती वर्षं झाली.
त्याला यातलं काही माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं.
बस्त्यांव मूळ कॅसेट काउंटरवरच विसरून गेला होता.
सोमवारी मी वायर आणली, सव्वातीन रुपयांची,
आणि एक प्रत काढली, लख्ख,
शिट्टी नाही, चहा नाही.
शटर बंद करून दोनदा ऐकली.
मग तिच्यावर
यल्लाप्पाच्या मिक्सर दुरुस्तीची जाहिरात भरली.