करवती

मॅडमनी फोटो उजेडावर धरला
आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.
हा काठ मला माहीत होता.
छत्तीस वर्षं तीन धोट्यांनी विणलाय मी,
दात्या-दात्याचा, लाल, कोशाच्या अंगाला लागून.
फक्त इथे तो पांढरा होता
आणि माझ्या उजव्या खुब्यात.

"वात आहे, निपानेजी. हाडाची गादी झिजली.
खुबा बदलायचा तर नागपूर. नाहीतर सुई.
तीन महिने पुरेल. कधी कमी, कधी जास्त.
सारखी सारखी मात्र देत नसतो आम्ही."

तीन महिने म्हणजे सहा लुगडी,
मधे सण आला तर पाच.

पाठीवर निजवलं. गार मलम. मशीनचा पडदा.
पडद्यावर काळंपांढरं पाणी हलत होतं,
त्यात एक बारीक रेघ तिरपी उतरत गेली.
जन्मभर सुया पाहिल्या,
काहीच न शिवता बाहेर आलेली
ही पहिली.

दोन दिवस ठणका दुप्पट.
पुस्तकला म्हणाली, "पैसे पान्यात गेले जी."

सहाव्या पहाटे मागाच्या खड्ड्यात पाय सोडले
आणि थांबलो.
पावडी दाबली. थांबलो.
दहा वर्षं रोज दारात येऊन शिव्या देणारा माणूस
आज आला नाही,
तर मीच दोनदा वाकून पाहिलं.

बोटं मात्र तशीच.
घमेल्यात कोमट पाणी, पाण्यात हात,
उघडमीट होईपर्यंत बसून राहायचं.
मॅडमशी बोलणं
एकाच हाडाचं झालं होतं.

चरख्यावरून पुस्तकलानं मान उचलली.
"आवाज बदलला."
आधी तो उजवीकडे दम घ्यायचा,
खट्, मग जरा वेळानं खट्.
त्याच लंगड्या तालावर ती कांड्या भरत आली,
कणीकही बहुतेक त्याच तालावर मळत आली.
आता कांड्या पुरेनात. दोनदा भांडण झालं.

मागावर जे लुगडं होतं
त्याचे पहिले पाच हात सुईआधीचे,
पुढचे सुईनंतरचे.
व्यापाऱ्याला दिसणार नाही.
मी डोळे मिटून तळवा फिरवतो
आणि नेमका तिथे थांबतो.
खरं सांगायचं तर
आधीचे पाच हात बरे आलेत.

दिवाळी झाल्यावर शेजारच्या गावची मंडई.
मी म्हटलं, पायी जाऊ.
धान निघालेल्या बांध्यांमधून दोन कोस.
मी पुढे, बोलत बोलत,
मोटारसायकलवाल्या जावयाबद्दल, कोशाच्या भावाबद्दल,
आणि मागून हुंकार येईना.

वळून पाहिलं.
ती धुऱ्यावर, पदर कमरेला खोचलेला,
एक पाय आधी टाकायची
मग दुसरा त्याच्याजवळ ओढून आणायची,
सपाट जमिनीवर
पायऱ्या उतरत असल्यासारखी.

"कधीपासून?"
"लय झालं."
"मले काहून नाही सांगितलं?"
"तुमी हळू चालत होते.
माह्यं झाकून जाये."

मी खुब्याला जुनी चाल आठवायला लावली.
पटकन आली ती, फार लांब गेली नव्हती.
तसे चाललो, खट्, मग जरा वेळानं,
दूरवर आकाशपाळण्याचे दिवे लागत होते.

सहातलं एक लुगडं
तिच्या गुडघ्यांच्या फोटोसाठी मनात बाजूला ठेवलं.
तिला सांगितलं नाही.
ती नाहीच म्हणाली असती,
आणि मी तिथेच, त्या अरुंद धुऱ्यावर,
दोन्ही पाय रोवून
तिच्याशी भांडत उभा राहिलो असतो.
सध्या मला तेवढं जमतं.