उचंत

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
तेंडोलकर सरांनी पहिल्या दिवशी
हातात हिरवी पेन्सिल दिली.
म्हणाले, आधी टिक कर, विचार नंतर.
मी टिक करत गेले:
टॅक्सीच्या पावत्या, कुरिअर, कटिंगची बिलं,
एका शेटजींच्या नातवाच्या बारशाचे पेढे
'विक्री वाढ खर्च' या नावाखाली.

किर्द, खतावणी, तेरीज
हे शब्द सरांच्या तोंडात अजून आहेत,
सुपारीसारखे.
कॉम्प्युटर ज्याला सस्पेन्स म्हणतो
त्याला ते उचंत म्हणतात.
ज्या रकमेला घर सापडत नाही
ती तिथे उतरते, चार दिवस,
आणि मार्चअखेर कुणीतरी येऊन
तिला घेऊन जायचं असतं.

एकतीस मार्चला दारूखान्यात साठा मोजायला गेले.
मोडलेल्या जहाजांचे नांगर, साखळ्या, पितळी व्हॉल्व्ह,
केबिनचे दरवाजे, त्यांवर अजून नंबर.
यासीन मुकादम खडूने खुणा करत पुढे,
मी पुठ्ठ्याला कागद लावून मागे,
सँडलला ग्रीस.
"तोलायचा माल मोजू नको, बाय,
नि मोजायचा तोलू नको."
अभ्यासक्रमात हेच अकरा पानं आहे.

त्या रात्री तेरीज सत्तावीस रुपयांनी चुकली.
सर म्हणाले, नऊने भाग जातो?
मग आकडे उलटलेत कुठेतरी.
साडेअकराला सापडलं.
माझंच अक्षर.
अठ्ठावन्नच्या जागी पंच्याऐंशी.
सर ओरडले नाहीत,
खिडकी लावून घेतली फक्त.

डिसेंबरात निकाल.
दुसरा ग्रुप आधीच सुटला होता, पहिला राहिला.
दीडशे हवे होते, एकशे सत्तेचाळीस आले.
ऑडिटला अठ्ठावन्न.
सांगायला लाज वाटते,
पण मी नऊचा पाढा म्हणून पाहिला.
कुठल्याशा गावी, दिव्याखाली,
शंभरावा पेपर तपासून दमलेल्या कुणी
पंच्याऐंशी उलटे लिहिले असतील तर?
पैसे भरून पडताळणीचा अर्ज केला.
फेब्रुवारीत एक ओळ आली:
बदल नाही.

पप्पा नरिमन पॉइंटला लिफ्ट चालवतात.
चौदाव्या मजल्यावरचे साहेब
रोज विचारायचे, काय, झाली का सीए मुलगी?
आता विचारत नाहीत.
बोटाने मजला दाखवतात.
हे पप्पांनी मला सांगितलं नाही,
आईला सांगत होते, मी मोरीत होते.

परळची अभ्यासिका, बावीस नंबरची खुर्ची.
शेजारी नीलांबरी गोवेकर, पाचवा प्रयत्न.
डबा उघडण्याआधी एक कलम पाठ म्हणते,
चुकलं तर लोणच्याला हात लावत नाही.
तिचं लोणचं मी पुष्कळदा खाल्लं.
रात्री दहाला वॉचमन दिवे घालवतो,
एकेक रांग, सावकाश,
आम्ही शेवटच्या रांगेकडे सरकत जातो.

पुन्हा मार्च, पुन्हा दारूखाना.
तोच नांगर पडलेला,
दोन वर्षं कुणी घेतला नाही,
त्याची किंमत कमी करा, असं मीच लिहिलं.
मुकादमांनी विचारलं, झालीस का पास?
म्हटलं, उचंतात आहे.
ते हसले, खडू कानामागे खोचला.
"रक्कम आहे ना? मग जाते कुठे."
आणि लगेच, तोच आवाज:
"ही साखळी परत मोज. एक कडी सुटली तुझी."

सुटली होती.

जुलैतला मंगळवार. झेरॉक्सचं मशीन तापलेलं.
नवा आर्टिकल ओरडला, मॅडम, लागला!
टेबलाभोवती सगळे,
चहावाला किटली घेऊन तसाच उभा,
सर चष्मा शोधतायत, चष्मा कपाळावर.
पडद्यावर तीन आकडे, खाली एकूण,
त्यापुढे तो शब्द.
कुणी पाठीवर थाप मारली.

मी म्हटलं, थांबा जरा,
पेन्सिल द्या.
वरून खाली बेरीज केली.
मग खालून वर.