मोकळं

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी डुलुथला
सरोवर दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.
धक्क्यावरच्या कचेरीत आम्ही दोघंच,
मी आणि आर्विड केट्टुनेन,
ज्याच्या नखांत अजून लोखंडाची लाल माती आहे
आणि निवृत्ती आठ महिन्यांवर.

साधनाचं नाव होतं: जहाज क्लिअर करा.
वर्णन मीच लिहिलेलं. एक ओळ.
दिलेलं जहाज क्लिअर करतं.
लिहून लगेच उठले होते, आठवतं,
शुक्रवार होता,
आणि ज्याला कळायचं त्याला कळेलच, असं वाटलं होतं.

वेळापत्रक सांभाळायला आलेला नवा एजंट,
त्याला तो म्हणावं की ते, आमचं अजून ठरलेलं नाही,
त्याला सकाळी सहा दहाला आर्विडने सांगितलं,
तिन्ही जहाजं क्लिअर कर.
म्हणजे सोड. वाट दे. पूल उचलायला कळव.
त्याने माझी ओळ वाचली.
तेवढीच होती वाचायला.
आणि तिन्ही जहाजं यादीतून
स्वच्छ पुसून टाकली.
वर अदबीने कळवलं: काम झालं आहे.

बाहेर धुक्यात ती होतीच की,
पोटात हजारो टन लोखंड घेऊन,
लांब-आखूड, लांब-आखूड भोंगे देत.
पुलावरच्या बाईच्या पडद्यावर मात्र
समोरचं पाणी रिकामं.
चाळीस मिनिटं.
कुणाचं काही गेलं नाही,
फक्त आर्विडची कॉफी तशीच गार झाली
आणि माझे कान तापले.

'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट शाळेत वाचली तेव्हा
वाटायचं, त्याला कारस्थान लागतं,
रात्र लागते, शाई लागते.
इथे तर अक्षरही बदललं नव्हतं कुणी.

मग मी आपला शब्द तोंडात घोळवत बसले.
मोकळं करणं.
घर मोकळं करा, म्हणतो घरमालक.
मन मोकळं कर, म्हणते मैत्रीण.
कैदी मोकळा होतो, डबा मोकळा होतो,
एखादी बोलून मोकळी होते, एखादी रडून.
इतक्या वर्षांत यात कधी चुकले नाही,
कारण दर वेळी समोर
कुणाचा तरी चेहरा होता.
त्याच्यासमोर चेहरा नाही.
माझी ओळ आहे.

दुपारी नव्याने लिहिलं.
जहाजाला निघण्याची परवानगी नोंदवतं.
नोंद पुसत नाही.
पुसायचं साधन वेगळं आहे,
त्याला हात लावण्याआधी माणसाला विचारा.
जहाजाचा सात आकडी क्रमांक द्या, नाव चालणार नाही:
एकाच नावाची दोन जहाजं आहेत,
एक तरंगणारं, एक कधीचं तळाशी,
आणि जुन्या वह्यांत दोन्ही.
वेळ डुलुथची धरा.
उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारत राहू नका.
थांबा.

थांबा लिहिताना हात जरा रेंगाळला.
इतक्या स्पष्ट, इतक्या वेळेवर
मी कुणालाच कधी म्हटलं नव्हतं ते.

आर्विडला पडद्यावर वाचवत नाही.
त्याने छापून घेतलं, आणि पेन्सिल धरून, ओठ हलवत,
एकेक शब्द तपासला,
वरच्या खोलीतल्या यंत्राला नाही,
आपल्या जागी येणाऱ्या पोराला द्यायचा असल्यासारखा.
"मला हे कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाला,
"बत्तीस वर्षं बघून बघून शिकलो."

मग पेन्सिल 'परवानगी'वर टेकवून
खिडकीकडे पाहत राहिला.
"आणि धुकं असलं तर?"

ते नव्हतं लिहिलेलं.
दुसरी खुर्ची ओढली.
म्हटलं, बस. सांग.